भिंतींआधी कागद: युद्धानंतर घरे आणि शहरे पुन्हा कशी उभी राहतात

फेब्रुवारी २०२५ मध्ये युक्रेनचे सरकार, जागतिक बँक, युरोपीय आयोग आणि संयुक्त राष्ट्रे यांनी मिळून एक अंदाज प्रसिद्ध केला. युक्रेनच्या पुनर्बांधणीसाठी पुढील दहा वर्षांत सुमारे ५२४ अब्ज डॉलर लागतील, असे त्यात म्हटले होते. बातम्यांमध्ये हा एकच आकडा फिरला. पण त्याच अहवालात आणखी दोन आकडे होते, आणि तिन्हींचे अर्थ वेगवेगळे आहेत. प्रत्यक्ष पडझडीची किंमत १७६ अब्ज डॉलर धरली होती, तर त्या पडझडीमुळे आणि युद्धामुळे अर्थव्यवस्थेला झालेला तोटा ५८९ अब्ज डॉलर होता.

हा फरक एका पुलाच्या उदाहरणाने समजतो. बॉम्बने पूल पडला, तर त्या पुलाची जी किंमत होती ती झाली ‘हानी’. पूल नाही म्हणून मालमोटारींना लांबचा वळसा पडला, पलीकडच्या कारखान्याला कच्चा माल वेळेवर मिळाला नाही आणि पथकराचे उत्पन्न बुडाले, तर तो झाला ‘तोटा’. आणि आजच्या भावाने, आजच्या सुरक्षिततेच्या नियमांप्रमाणे तो पूल पुन्हा उभारायला जो खर्च येईल, ती झाली ‘गरज’. जुना पूल पन्नास वर्षांचा झिजलेला असला, तरी नवा बांधताना झिजलेला पूल बांधता येत नाही. म्हणून गरजेचा आकडा हानीच्या आकड्यापेक्षा सहज दुप्पट-तिप्पट होतो. वर्तमानपत्रात पुनर्बांधणीची रक्कम वाचताना ती या तिन्हींपैकी कोणती आहे, एवढे पाहिले तरी अर्धा गोंधळ कमी होतो.

उरलेला अर्धा गोंधळ मात्र पैशाने मिटत नाही, कारण रक्कम कितीही मोठी असली तरी कोणते काम आधी आणि कोणते नंतर करायचे, आणि कोणाच्या जमिनीवर कोणासाठी करायचे, हे ती रक्कम सांगत नाही. माझ्या मते युद्धानंतरच्या पुनर्बांधणीतील खरी अवघड गोष्ट सिमेंट आणि लोखंड ही नाही, तर ही मालकीची आणि क्रमाची गाठ आहे.

क्रमात सर्वांत आधी येतात ते भूसुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब. मोझांबिकमधील यादवी युद्ध १९९२ मध्ये संपले, परंतु तो देश भूसुरुंगमुक्त झाल्याची घोषणा होण्यास सप्टेंबर २०१५ उजाडला. सुरुंग नेमके तिथेच पेरले जातात जिथे पुढे पुनर्बांधणी करायची असते: पुलांच्या टोकांना, धरणांजवळ, विजेच्या मनोऱ्यांभोवती, पाणवठ्यांच्या वाटेवर. मोझांबिकमध्ये काहोरा बासा धरणातून येणाऱ्या वीजवाहिनीच्या मनोऱ्यांभोवती ते मोठ्या प्रमाणावर पेरलेले होते. त्यामुळे तार जोडायला जाणाऱ्या कामगाराच्या आधी सुरुंग शोधणारा माणूस तिथे जावा लागतो, आणि तो जमिनीवरून वितावितांनी पुढे सरकतो. आकाशातून टाकलेल्या बॉम्बची गोष्ट तर आणखी लांबते. सप्टेंबर २०१७ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात बांधकामाच्या जागी दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश बॉम्ब सापडला, तेव्हा तो निकामी करण्यासाठी साठ हजारांहून अधिक लोकांना घराबाहेर काढावे लागले. युद्ध संपून तेव्हा ७२ वर्षे झाली होती.

त्यानंतर राडारोडा. गाझा पट्टीतील ढिगाऱ्याचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज २०२५ च्या सुरुवातीलाच पाच कोटी टनांच्या घरात होता. लांबून पाहणाऱ्याला हा कचरा वाटतो आणि तो लवकरात लवकर उचलून कुठेतरी टाकावा असेही वाटते. परंतु त्यात मृतदेह असतात, न फुटलेला दारूगोळा असतो, जुन्या बांधकामातील ॲस्बेस्टॉस असते, आणि कोणाचे तरी दागिने, कागदपत्रे आणि छायाचित्रेही असतात. शिवाय तो ढिगारा म्हणजेच पुढच्या बांधकामाचा कच्चा माल असतो. काँक्रीट फोडून, चाळून त्याची खडी करता येते आणि सळया सरळ करून पुन्हा वापरता येतात. वॉर्सामधील ज्यू वस्तीचा भाग नाझींनी पूर्णपणे जमीनदोस्त केला होता. तिथला ढिगारा उपसून नेणे अशक्य वाटले, म्हणून युद्धानंतर मुरानूफ ही नवी वसाहत त्या ढिगाऱ्यावरच, आणि काही अंशी त्याच ढिगाऱ्यापासून बनवलेल्या विटा-काँक्रीटमध्ये, उभारण्यात आली. तिथल्या काही इमारती आजही आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा उंचावर दिसतात त्या याच कारणाने. बर्लिनने वेगळा मार्ग घेतला: शहराच्या पश्चिमेकडील जंगलात ढिगारा ओतून टॉयफेल्सबर्ग नावाची अख्खी टेकडी तयार केली.

ढिगारा उचलताना होणारे एक नुकसान मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. घर पडले तरी जोते शिल्लक असते, आणि जोत्यावरून कोणाची हद्द कुठे होती हे सांगता येते. बुलडोझरने एकदा सगळे सपाट केले की त्या हद्दी जमिनीवरून पुसल्या जातात, आणि मोजणीचे नकाशेही जळाले असतील तर शेजाऱ्यांच्या आठवणीवर विसंबून राहावे लागते. म्हणून ढिगारा उचलण्याआधी जागेची छायाचित्रे, उपग्रहचित्रे आणि मोजणी करून ठेवणे हे वेळखाऊ वाटले तरी पुढची वर्षानुवर्षांची भांडणे वाचवणारे काम असते.

वीज, पाणी, मलनिस्सारण आणि रस्ते यांची कामे खरे तर एकमेकांत गुंतलेली असतात. वीज नसेल तर पंप चालत नाही, पंप चालला नाही तर पाणी चढत नाही, आणि पाणी नसेल तर नवे बांधलेले रुग्णालय नुसती इमारत राहते. रस्त्याचे काम त्यातल्या त्यात सोपे, कारण तात्पुरता पूल लवकर उभा राहतो. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली या ब्रिटिश अभियंत्याने रचलेला लोखंडी चौकटींचा पूल माणसांनी हातांनी उचलून जोडता येत असे, आणि तसल्या धाटणीचे पूल आजही वापरले जातात. विजेच्या बाबतीत अशी सोय नाही. मोठ्या उपकेंद्रातील ट्रान्सफॉर्मर दुकानात तयार मिळत नाही. तो त्या त्या जाळ्याच्या दाबानुसार बनवून घ्यावा लागतो, त्याला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो, आणि त्याचे वजन इतके असते की तो नेण्यासाठी रस्ते आणि पूल आधी धड असावे लागतात.

हा क्रम चुकला की काय होते, याचे उदाहरण इराकमध्ये सापडते. फल्लुजा शहरासाठी मलनिस्सारण प्रकल्प अमेरिकेच्या पैशाने २००४ मध्ये हाती घेण्यात आला. सुमारे ३.२५ कोटी डॉलर आणि दीड वर्ष, असा मूळ अंदाज होता. प्रत्यक्षात लढाई चालू असतानाच काम सुरू झाले, खर्च सुमारे दहा कोटी डॉलरपर्यंत गेला, काम वर्षानुवर्षे रेंगाळले आणि सगळ्या शहराऐवजी निम्म्याहून कमी घरे जोडण्याइतकाच आवाका उरला. अमेरिकी संसदेने स्थापन केलेल्या महानिरीक्षक कार्यालयाच्या अहवालांमध्ये या प्रकल्पाची चिकित्सा आहे, आणि ती वाचताना एक गोष्ट सतत जाणवते: ज्यांना पुढे तो प्रकल्प चालवायचा होता त्या स्थानिक यंत्रणेकडे इंधन, सुटे भाग आणि प्रशिक्षित माणसे आहेत का, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

घरांच्या बाबतीत पहिला नियम असा की, नवे बांधण्याआधी मोडके दुरुस्त करावे. खिडक्यांच्या काचा, छप्पर आणि दारे एवढेच गेलेले घर थोड्या पैशांत हिवाळ्याआधी राहण्याजोगे होते, आणि तेवढे कुटुंब तंबूतून किंवा नातेवाइकाच्या घरातून बाहेर पडते. म्हणून पाहणी करणारे अभियंते घरांची वर्गवारी करतात: किरकोळ दुरुस्तीची, मोठ्या दुरुस्तीची आणि पाडूनच टाकण्याजोगी. युक्रेनमध्ये वर उल्लेखलेल्या अहवालानुसार तोवर देशातील १३ टक्के घरांचे नुकसान झाले होते आणि त्याची झळ २५ लाखांहून अधिक कुटुंबांना बसली होती. तिथे २०२३ पासून नागरिक ‘दिया’ या सरकारी ॲपमधून नुकसानभरपाईचा अर्ज करतात. घर पूर्ण गेले असेल तर दुसरे घर विकत घेण्यासाठी प्रमाणपत्र मिळते. मात्र या सोयीचा पाया असा की मालकीची नोंद सरकारी दफ्तरात असली पाहिजे. ज्या म्हाताऱ्या जोडप्याने सोव्हिएत काळातील कागदाची नोंद नव्या दफ्तरात कधीच केली नाही, त्यांना आधी ती नोंद करावी लागते.

तात्पुरत्या घरांबद्दल थोडक्यात सांगायचे तर, ती तात्पुरती राहत नाहीत. ब्रिटनने १९४४ च्या कायद्याखाली सुमारे १,५६,००० तयार साच्यांची छोटी घरे उभारली. ती साधारण दहा वर्षे टिकावीत अशी कल्पना होती, पण त्यांतील काहींमध्ये लोक एकविसाव्या शतकापर्यंत राहत होते. तेव्हा तात्पुरते घर कुठे उभारायचे, याचा निर्णय कायमच्या घराइतक्याच गांभीर्याने घ्यावा, हे उत्तम.

आता मूळ गाठीकडे येऊ. युद्धात घर सोडून पळालेल्या माणसाच्या हातात बहुधा खरेदीखत नसते. जमिनीची दफ्तरे जाळली जातात किंवा पळवली जातात. १९९९ मध्ये कोसोव्होतून माघार घेताना सर्बियाच्या प्रशासनाने भूमापनाची अनेक दफ्तरे सोबत नेली आणि त्याचा त्रास कोसोव्होला पुढे कितीतरी वर्षे झाला. दुसरीकडे, रिकाम्या घरात दुसरे विस्थापित येऊन राहतात, कारण त्यांचेही घर कुठेतरी गेलेले असते. एखाद्या घराचा मालक बेपत्ता असतो. मृत्यूचा दाखला नसल्यामुळे वारसनोंद होत नाही, आणि पत्नीचे नाव मुळात कागदावर कधी नव्हतेच. भाडेकरूचा हक्क तर बहुतेक योजनांमध्ये हिशेबातच धरला जात नाही. अशा स्थितीत सरकारपुढे दोन मोह असतात. एक म्हणजे सगळी जमीन ताब्यात घेऊन कोरी पाटी करणे. दुसरा म्हणजे ज्याच्याकडे ताबा त्याचेच घर असे मानून मोकळे होणे.

पहिल्या मोहाचे सर्वांत मोठे उदाहरण वॉर्सा हेच. जर्मनांनी पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केलेल्या या शहराचा सुमारे ८५ टक्के भाग नष्ट झाला होता. २६ ऑक्टोबर १९४५ रोजी काढलेल्या हुकमाने शहरातील जमीन महापालिकेच्या मालकीची झाली. त्यामुळे नियोजनकर्त्यांना रुंद रस्ते आखता आले आणि काम झपाट्याने उरकले, हे खरे; पण मूळ मालकांच्या अर्जांना बहुतेक वेळा नकार मिळाला आणि ते प्रश्न कम्युनिस्ट राजवट संपल्यावर पुन्हा वर आले. हक्क विकत घेऊन इमारती हडपणाऱ्यांचा एक धंदाच त्यातून उभा राहिला, आणि २०२१ मध्ये पोलंडने जुन्या प्रशासकीय निर्णयांना आव्हान देण्यास मुदत घालणारा कायदा केला, तेव्हा इस्रायल आणि अमेरिकेशी त्याचा वाद झाला. एका हुकमाचे पडसाद पाऊणशे वर्षे उमटत राहिले.

लेबनॉनची राजधानी बैरूत हिने हेच काम खासगी कंपनीकडून करून घेतले. १९७५ ते १९९० या यादवी युद्धानंतर शहराचा मध्यभाग नव्याने बांधण्यासाठी १९९४ मध्ये ‘सोलिदेर’ ही कंपनी स्थापन झाली, आणि तिथल्या मालकांना व भाडेकरूंना त्यांच्या हक्कांच्या बदल्यात कंपनीचे समभाग देण्यात आले. शेकडो वारसांमध्ये विभागलेल्या मालमत्तेचा गुंता यातून सुटला, हे मान्य केले पाहिजे. परंतु दुकानदाराला त्याचे दुकान हवे होते, समभाग नव्हे. मध्यभाग देखणा झाला, तिथे महागडी दुकाने आली आणि जुन्या बाजारातले लोक परतले नाहीत. देशाच्या विजेचा प्रश्न मात्र तसाच राहिला आणि घरोघर खासगी जनरेटरची वायर खेचली गेली. सीरियाचा २०१८ चा कायदा क्रमांक १० याहून कठोर ठरला. पुनर्विकासासाठी घोषित झालेल्या भागातील मालकांनी तीस दिवसांत मालकी सिद्ध करावी, असे त्यात मूळ कलम होते. लाखो लोक देशाबाहेर निर्वासित असताना तीस दिवसांची मुदत म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. टीका झाल्यावर त्याच वर्षी ती मुदत एक वर्ष करण्यात आली.

बॉस्निया-हर्झेगोव्हिनाने वेगळी वाट घेतली, किंवा आंतरराष्ट्रीय दबावाने त्याला ती घ्यायला लावली, असे म्हणणे अधिक अचूक होईल. तिथले युद्ध संपवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारातील सातव्या परिशिष्टाने निर्वासितांना आणि विस्थापितांना आपापल्या मूळ घरी परतण्याचा हक्क दिला. तो हक्क पहिली तीन-चार वर्षे कागदावरच होता, कारण स्थानिक अधिकारी आपल्या समाजाच्या लोकांना त्या घरांतून उठवायला तयार नव्हते. १९९९ पासून जी अंमलबजावणी योजना राबवली गेली, तिचे मर्म साधे होते: कोण कोणत्या समाजाचा हे पाहायचे नाही, अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकाली काढायचे, आणि सर्व नगरपालिकांना एकच नियम लावायचा. अडवणूक करणाऱ्या २२ अधिकाऱ्यांना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पदावरून काढण्यात आले. दोन लाखांहून अधिक अर्ज आले होते आणि २००४ च्या अखेरीपर्यंत त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक निकाली निघाले. नुसत्या कार्यालयीन शिस्तीने एवढे साधते, हे मला या सगळ्या इतिहासातील सर्वांत दुर्लक्षित यश वाटते.

मालकी ठरल्यावर बांधायचे कोणी, हा प्रश्न उरतो. ठेकेदाराला हजार घरांचे काम दिले की घरे एकसारखी आणि वेगाने होतात, पण ती कोणाच्या गरजेची असतात हे सांगता येत नाही. याउलट कुटुंबाच्या खात्यात टप्प्याटप्प्याने पैसे देऊन त्यांनाच बांधू देता येते: पाया झाला की एक हप्ता, भिंती झाल्या की दुसरा, छप्पर झाले की तिसरा, आणि प्रत्येक टप्प्यावर अभियंत्याची तपासणी. श्रीलंकेत २००९ मध्ये युद्ध संपल्यानंतर भारताच्या मदतीने जी ५०,००० घरांची योजना राबवली गेली, तिच्यात पहिली हजार घरे ठेकेदारांकडून बांधून घेतली आणि त्यानंतर, २०१२ पासून, बहुतांश घरांसाठी हीच हप्त्यांची पद्धत स्वीकारली. नव्या घरासाठी साडेपाच लाख श्रीलंकन रुपये थेट लाभार्थ्याच्या खात्यात जमा होत. या पद्धतीत दोन धोके आहेत. एकदम हजारो घरांची कामे निघाल्यामुळे वाळू, विटा आणि गवंड्याची मजुरी महागते आणि ठरलेले अनुदान अपुरे पडते. आणि ज्या घरात कर्ता पुरुष युद्धात गेला, तिथे विधवेला एकटीने मिस्त्री, माल आणि देखरेख सांभाळावी लागते. त्यामुळे अनुदानाइतकेच तांत्रिक साहाय्यही द्यावे लागते.

महागाईचा हा मुद्दा घरांपुरता नाही. युद्धाने पोळलेल्या छोट्या अर्थव्यवस्थेत परकीय पैसा लोटला की मजूर, माल आणि कार्यालयांची भाडी सगळेच वर जाते, आणि तरुण अभियंता सरकारी खात्यात न राहता परदेशी संस्थेत दुभाषा होणे पसंत करतो. म्हणून पैसा किती यावर जितका विचार होतो तितकाच तो कसा यावर व्हायला हवा. अमेरिकेच्या मार्शल योजनेतून १९४८ ते १९५२ या काळात पश्चिम युरोपला सुमारे १३ अब्ज डॉलर मिळाले, हे बहुतेकांना माहीत असते. तिची रचना कशी होती, हे कमी जणांना माहीत असते. माल बहुतांशी अनुदान म्हणून आला, परंतु तो घेणारा कारखानदार त्याची किंमत आपल्या देशाच्या चलनात भरत असे, ती रक्कम एका वेगळ्या निधीत जमा होई, आणि सरकार त्या निधीतून पुन्हा गुंतवणूक करी. पश्चिम जर्मनीत १९४८ मध्ये स्थापन झालेली केएफडब्ल्यू ही बँक याच निधीतून कर्जे देऊ लागली आणि ती आजही चालू आहे. तिथेच १९५२ मध्ये ‘भारवाटपा’चा कायदा झाला: ज्यांची मालमत्ता युद्धातून वाचली होती त्यांनी तिच्या निम्म्या किमतीइतकी रक्कम तीस वर्षांच्या हप्त्यांनी भरायची, आणि ज्यांचे सर्वस्व गेले त्यांना त्यातून भरपाई मिळायची. बाहेरून आलेल्या मदतीची गोष्ट सगळे सांगतात. शेजाऱ्याने शेजाऱ्याला तीस वर्षे दिलेल्या या हप्त्यांची गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

शेवटचा प्रश्न असा की होते तसेच बांधायचे की वेगळे. वॉर्साने जुने शहर अठराव्या शतकातील चित्रकार बेलोत्तो याच्या चित्रांचाही आधार घेऊन पुन्हा उभारले आणि १९८० मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेले. नेदरलँड्समधील रॉटरडॅमने युद्धात जळालेला मध्यभाग जुन्या आखणीवर न बांधता नव्याने आखला. दोन्ही शहरे आज नांदती आहेत, त्यामुळे इथे एकच उत्तर बरोबर असे म्हणता येत नाही. बॉस्नियातील मोस्तार शहरातला १५६६ चा उस्मानी पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी तोफांनी पाडला गेला आणि जुन्याच प्रकारच्या स्थानिक दगडात घडवून २३ जुलै २००४ रोजी पुन्हा खुला झाला. त्याच वर्षी बॉस्नियातील घरांचे बहुतेक अर्जही निकाली निघाले होते आणि युद्धात विस्थापित झालेल्या सुमारे बावीस लाख लोकांपैकी परतलेल्यांची संख्या दहा लाखांवर पोहोचली होती. उरलेल्यांमध्ये असेही पुष्कळ होते ज्यांना घराचा ताबा आणि किल्ली परत मिळाली, आणि त्यांनी ते घर विकून टाकले किंवा दुसऱ्या समाजाच्या कुटुंबाशी अदलाबदल करून घेतले, कारण गावात शाळा कोणाची, पोलीस कोणाचा आणि नोकरी कोण देणार, या प्रश्नांची उत्तरे त्यांना हवी तशी मिळाली नव्हती.